मागची सीट विद्यापीठात

आमच्या शेजारचे सर जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, त्याच आठवड्यात त्यांच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाला मान्यता द्यायची होती. दुसऱ्या गावच्या कॉलेजात तिची निवड झालेली. या सत्रात तोंडी परीक्षा झाली तरच कॉलेजवाले तिच्यासाठी थांबणार होते. सरांनी विद्यापीठाच्या मेलवरून परीक्षा विभागाला 'मान्य' एवढंच लिहायचं, तेही मुदतीच्या शेवटच्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या आत. एका शब्दाचं काम.

विद्यापीठाच्या आवारात मेल सरळ उघडतो. बाहेरून उघडायचा तर फोनवर एक आकडा येतो, तो टाकावा लागतो. सरांचा मोबाइलवर विश्वास नाही. त्यामुळे फार पूर्वी नंबर विचारला तेव्हा त्यांनी विभागातल्या आपल्या खोलीतल्या फोनचा दिला होता. म्हणजे सर घरून मेल उघडायला गेले की तिकडे त्यांच्या रिकाम्या खोलीत घंटी वाजे. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या उशीखाली.

विद्यार्थिनी किल्ली घेऊन धावली. इकडे सरांनी बटण दाबलं, तिकडे फोन वाजला, यंत्राने आकडा सांगितला, तिने तो मोबाइलवर सरांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना सांगितला, वहिनींनी तो सरांना सांगितला. सरांनी आधी चष्मा शोधला. मग एका बोटाने, प्रत्येक आकडा परत विचारून, तो टाकला. 'मुदत संपली', असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा चष्मा डोळ्यांवरच होता, पण वहिनींनी दोन आकडे उलटे सांगितले. यावरून उभयतांत जे बोलणं झालं त्याचा प्रबंधाशी संबंध नव्हता.

शेवटी ती पोरगी काकुळतीला येऊन म्हणाली, "सर, मी तुमच्याच कॉम्प्युटरसमोर बसलेय. पासवर्ड सांगा, मीच 'मान्य' लिहिते."

"म्हणजे तू स्वतःलाच पास करणार?" सर म्हणाले. "मग मला तरी कशाला विचारतेस?"

तिने पासवर्डचा नाद सोडला. माझ्याकडे पासवर्ड नव्हता, पण गाडी होती. मेल सरांकडे येत नसेल तर सरांना मेलकडे नेऊ, असं मी सुचवलं. सगळ्यांना ते इतकं पटलं की मलाच धास्ती वाटली. प्लास्टरचा पाय मागच्या सीटवर आडवा घातला, मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि निघालो.

फाटकावर रखवालदाराने पास मागितला. बाहेरच्या गाडीला पास लागतो, तो सरांच्या मेलवर येतो. मी म्हटलं, तो मेल उघडायलाच तर आत जायचंय. तो समजूतदारपणे म्हणाला की बरोबर आहे, आधी पास काढून आणा.

तेवढ्यात मागून सर ओरडले की वायफायची एक रेघ येतेय नि जातेय. विद्यापीठाचं वायफाय फाटकापर्यंत येत होतं, पण धड माझ्या बॉनेटपर्यंतच. मी गाडी वळवली आणि उलटी हळूहळू फाटकात घातली. रखवालदाराने खाली वाकून पाहिलं. गाडी आत आली असं म्हणावं तर ड्रायव्हर बाहेर होता. तो विचारात पडला, आणि तो विचारात असेपर्यंत मेल उघडला. सरांनी 'मान्य' लिहिलं, पूर्णविराम दिला आणि पाठवलं.

आम्ही हुश्श म्हणतोय तोच परीक्षा विभागातून विद्यार्थिनीचा फोन. तिथले कारकून भाऊसाहेब मान्यता धरायला तयार नव्हते. त्यांनी पद्धतीप्रमाणे 'मिळालं' म्हणून सरांना उलट मेल पाठवला, तर लगेच उत्तर आलं : 'मी आजारी रजेवर आहे. परत रुजू होईपर्यंत मेल पाहू शकणार नाही.' रजा टाकताना कुणीतरी ते आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं. आता भाऊसाहेबांसमोर दोन पत्रं होती, दोन्ही सरांची. एकात मान्यता, दुसऱ्यात मेल पाहिलाच नसल्याची कबुली. त्यांचं म्हणणं, नंतरचं पत्र ग्राह्य.

विद्यार्थिनीने फोनवरून एकेक पायरी सांगत ते उत्तर बंद करवलं. भाऊसाहेबांनी पुन्हा मेल पाठवला. काहीच उत्तर आलं नाही. ते म्हणाले, आता तर सर काहीच बोलत नाहीत.

भाऊसाहेब टेबल आवरू लागले होते. पोरीचा आवाज इतका बारीक झाला की सरांनी लॅपटॉप बाजूला केला, आयुष्यात प्रथमच माझा मोबाइल मागून घेतला आणि तिला तिचा फोन भाऊसाहेबांना द्यायला सांगितलं.

"भाऊसाहेब, मी फाटकात आहे. निम्मा रजेवर, निम्मा कामावर. जो कामावर आहे त्याने मान्यता दिली आहे."

पलीकडे टेबल आवरायचं थांबलं. मग भाऊसाहेब म्हणाले, "सर, हेच मेलवर लिहा ना."

सरांनी शब्दाला शब्द तसंच लिहिलं. भाऊसाहेबांनी ते छापून फाइलला लावलं आणि तोंडी परीक्षेची तारीख दिली.

पोरगी धावत फाटकापर्यंत आली, पण सरांच्या पाया पडायचं तर कुठल्या, हे तिला ठरवता येईना. प्लास्टरला हात लावून ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, तोंडी परीक्षा तिसऱ्या मजल्यावर आहे. पण सरांनी जिने चढायची गरज नाही, घरून हजर राहिलं तरी चालेल. लिंक विद्यापीठाच्या मेलवर येईल.

सरांनी प्लास्टरचा पाय सीटवर नीट ठेवला. मग मला म्हणाले, "त्या दिवशी गाडी मोकळी आहे ना तुमची?"