आत सोडलेलं कापड

वडगावात आमच्या समोर उपेंद्र राहायचा. कारखान्यात इंजिनिअर. त्यानं शर्यतीसाठी होडी बांधली होती. दोन सडपातळ होड्या आडव्या नळ्यांनी जोडलेल्या, हाकायला माणूस एकच. तिचं शीड माझ्या बायकोनं, गुणानं, आमच्या मशीनवर शिवलं.

"मामी, सपाट शिवू नका. वारं धरायला पोट पायजे," तो म्हणाला.

"होडीलाबी पोट हाय व्हय रं? मग जेवायलाबी घाल की तिला," गुणा म्हणाली.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गुणा काविळीनं गेली. बाराव्यानंतर तिची लुगडी माझ्या बहिणीनं वाटून टाकली. शीड उपेंद्रकडं होतं म्हणून राहिलं.

दिवाळीनंतर त्यानं डोलकाठी बदलली. जुनी लाकडी ताठ होती. नवी ॲल्युमिनियमची, वाऱ्यात मधोमध पुढं वाकायची. तिच्याबरोबर शीड ताणलं जायचं, पोट जायचं, नुसत्या सुरकुत्या पडायच्या.

"पुढच्या काठाला मधी कापड वाढवाय लागतंय, मामा. ऱ्हाऊ द्या. मी मुंबईहून नवं आणतो."

मला ते नको होतं. गुणाचं शीड शर्यतीत पाण्यावर दिसावं, एवढंच मला हवं होतं.

मी काठ उसवला. आत चार बोटं कापड दुमडलेलं निघालं. वाढत्या पोरींच्या झंपरात ती असंच कापड सोडायची. मी ते मधे सगळं मोकळं केलं, वर-खाली कमी करत नेलं आणि नवी टीप घातली. तिच्या टिपेची भोकं तेवढी उघड्या कापडावर ओळीनं राहिली. झंपराची भोकं एका धुण्यात बुजतात, म्हणून मी शीडही धुऊन वाळत घातलं. पण ते कापड सुती नव्हतं.

"ही भोकं बुजंनात रं."

"टिकंल बहुतेक," उपेंद्र म्हणाला.

हिडकलच्या धरणावर शर्यत लागली. काठी वाकली, शीड भरलं, होडीचं एक अंग पाण्यावर उचललं. ती सगळ्यांच्या पुढं होती. मग वाऱ्याचा झोत आला आणि कापड फाटल्याचा आवाज मला धरणाच्या काठावर ऐकू आला. मी गुडघाभर पाण्यात गेलो. तिथून पुढं जाऊन करणार काय?

बाकीच्या होड्या निघून गेल्या. उपेंद्र हातानं पाणी मारत परत आला.

"मामा, तुमची टीप घट्ट हाय. मामींच्या जुन्या टिपंच्या भोकांवर फाटलं."

पुढची पट्टी तेवढी काठीला राहिली होती. बाकीचं ओलं शीड त्यानं माझ्या हातात दिलं. ते कुठून जोडायला घ्यावं मला कळेना. घरात विचारायला कुणी नव्हतं.