नको म्हणणारा पेशंट

माझी सून अपर्णा दुबईतल्या एका विमा कंपनीत होती. आजारी माणसांचे फोन घ्यायचे आणि 'हे तुमच्या पॉलिसीत बसत नाही' असं गोड आवाजात सांगायचं, हे तिचं काम. एके दिवशी जेवताना तिने जाहीर केलं की आता पुरे, तिला नर्स व्हायचंय. आधीची पदवी असलेल्यांसाठी नर्सिंगचा कमी मुदतीचा अभ्यासक्रम असतो म्हणे. लेखी परीक्षेत ती बऱ्यापैकी वर आली. मुलाखतीत आपटली.

त्या मुलाखतीत पेशंटचं सोंग घेतलेला एक माणूस पलंगावर असतो. अपर्णाने त्याला पाणी विचारलं. तो 'नो' म्हणाला. अपर्णा म्हणाली, असं कसं, थोडं तरी घ्या. तो पुन्हा 'नो' म्हणाला. शेवटी आग्रह करकरून तिने त्याला दोन ग्लास पाजले. 'पेशंटच्या नकाराचा मान राखला नाही', असा शेरा बसला.

"बाबा, आपल्याकडे पहिला 'नको' धरतं का हो कुणी?" ती रडवेली होऊन मला म्हणाली.

मला उत्तर सहसा दुसऱ्या दिवशी सुचतं.

ते कॉलेज दोनदाच संधी देतं, म्हणजे यंदा शेवटची. म्हणून दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सराव सुरू झाला. घरात आग्रह बंद. विचारायचं एकदाच.

याचा फटका बसला मला. पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही.

"बाबा, श्रीखंड?"

"नको."

"ओके." आणि डबा फ्रिजमध्ये.

"आजोबा, जस्ट से यस!" नात अस्मी वाटी चाटत म्हणायची. बरोबरच होतं तिचं. पण तोंडातून शब्द निघून गेलेला असायचा. एका रविवारी माझ्या मुलाच्या, उपेंद्रच्या ऑफिसातले लोक जेवायला आले आणि अर्धपोटी गेले. खाली उतरल्यावर ते शवरमाच्या दुकानात शिरले, असं अस्मीने बाल्कनीतून पाहिलं.

मुलाखतीच्या दिवशी अपर्णा म्हणाली, "बाबा, चला ना बरोबर. तेवढाच धीर." माझ्यामुळे कुणाला धीर आल्याचं मला आठवत नाही, पण गेलो. ती आत नाव सांगायला गेली. मी बाहेर पुस्तक उघडून बसलो.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई आल्या. त्यावर 'एमान' असं नाव होतं. "सर, किती उशीर! यल्ला, यल्ला, चला लवकर!" म्हणत त्यांनी मला एका खोलीत नेलं. मला वाटलं, ज्येष्ठांसाठी वेगळी बसायची सोय असेल. त्यांनी हातात एक झगा दिला आणि सांगितलं, "तुम्ही पेशंट. पाणी कमी प्यायल्यामुळे आजारी. कुणीही विचारलं तरी नो म्हणा."

मी तो नव्हेच, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण मी हॉटेलात चुकीचा आलेला डोसासुद्धा मुकाट्याने खातो. एवढ्या घाईतल्या बाईंना कसं थांबवायचं? मी कपडे बदलले आणि पलंगावर पडलो. तेव्हा कळलं की झगा मागून उघडा आहे.

एमान गुण द्यायला कोपऱ्यात बसल्या. पहिला उमेदवार हॉटेलातली नोकरी सोडून आलेला होता. "पाणी, सर? साधं की बुडबुड्यांचं?" मी नो म्हणालो. "एन्जॉय युवर स्टे, सर," म्हणून तो गेला.

मग दार उघडलं आणि अपर्णा आत आली.

मला पाहून ती दारातच थिजली. मी डोळे मिटले. आता खरं सांगावं, तर तिची संधी जाणार. सांगू नये, तरी जाणार. मी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"सर," ती इंग्रजीत म्हणाली, "पाणी देऊ?"

"नो."

तिचा हात ग्लासाकडे गेला. मागच्या वर्षीचा तोच हात! मग तो मागे आला. आता 'ओके' म्हणून जाईल, असं मला वाटलं. पण तिने खुर्ची ओढली, बसली आणि हळूच मराठीत विचारलं, "का नको, बाबा?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. एक तर आग्रह करतात, नाहीतर डबा फ्रिजमध्ये ठेवतात.

"पाणी प्यायलो तर बाथरूमला जावं लागेल," मी पुटपुटलो. "ते बाहेर आहे. आणि हा झगा मागून..."

अपर्णाने कपाटातून दुसरा झगा काढला आणि पहिल्यावरून मला उलटा घातला. "आता?"

"आता दे," मी म्हणालो, आणि ग्लास रिकामा केला.

एमाननी विचारलं, "पेशंट काय म्हणाले?"

अपर्णाने ते इंग्रजीत सांगितलं आणि मग म्हणाली, "मॅडम, हे माझे सासरे आहेत. इथे कसे आले, मला माहीत नाही." मला तरी कुठे नीट माहीत होतं?

एमान आधी गंभीर झाल्या. मग हसायला लागल्या आणि हसता हसता बाहेर धावल्या. खरा पेशंट, शैलेंद्र नावाचा एक हौशी नट, बाहेर माझ्या खुर्चीत बसून माझंच पुस्तक वाचत होता. नियमाप्रमाणे दोन्ही उमेदवारांची परीक्षा त्याच्यासमोर पुन्हा झाली. तो 'नो' म्हणाला. अपर्णाने खुर्ची ओढून कारण विचारलं. त्याला काही पढवलेलंच नव्हतं. गडबडून तो म्हणाला, "पाणी कोमट आहे." तिने गार पाणी आणलं. त्याला प्यावंच लागलं.

अपर्णाला प्रवेश मिळाला. त्या दिवशी श्रीखंड होतंच.

"बाबा, वाढू?"

"नको," मी म्हणालो. सवय!

उपेंद्रने कपाळाला हात लावला. अस्मीने डोळे फिरवले. अपर्णाने डबा खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

"का नको?"

मी बराच विचार केला. कारण एकही सापडलं नाही. मी वाटी पुढे केली.