चालू मशीनची पूजा

सेठजी वाकले आणि त्यांनी ह्यांच्या पायांना हात लावला. श्रम कार्यालयाच्या व्हरांड्यात, दहा माणसांदेखत.

"पाँव लागें, पंडितजी."

ह्यांनी सवयीने उजवा हात वर केला. "सुखी रहिए." त्या हाताला आता अंगठा आहे आणि करंगळी आहे. मधली तीन बोटं नाहीत. आशीर्वाद दिला तरी दुरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस कुणाला तरी 'फोन कर' म्हणून खुणावतोय.

सेठजी उठले, रुमालाने बोटं पुसली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. विश्वंभर, म्हणजे आमचे हे, या नावाचा कामगार आपल्या कारखान्यात कधीच नव्हता, एवढंच त्यांना आत सांगायचं होतं.

सेठजी खसाचं अत्तर लावतात, आणि तो वास ह्यांच्या चपलांवर बसून राहिला होता.

आमचे हे एकोणीस वर्षं बिजौलीच्या त्या कारखान्यात प्रेसवर होते. तिथे कूलरच्या बॉड्या बनतात. पत्रा हाताने आत सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरून धाडकन डाय, म्हणजे लोखंडी साचा, पडतो आणि पत्र्याला जाळी पडते. पुन्हा पत्रा, पुन्हा पायडल. पण आमचं घराणं पुजाऱ्यांचं. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज देवांची पेटी घेऊन झाशीत आले आणि दतिया गेटच्या आत राहिले. पुढे देवळं गेली, जमिनी गेल्या, 'पंडितजी' एवढं उरलं. सेठजींनी ते पहिल्याच महिन्यात हेरलं.

"आपसे हम मजदूरों वाले रजिस्टर में दस्तखत कराएँगे? पाप चढ़ेगा हम पे, पंडितजी."

म्हणून सगळ्यांची नावं हजेरीबुकात आणि ह्यांचं वेगळ्या, लाल कापडाच्या वहीत. दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे: पूजन-दक्षिणा. हे त्याखाली वळणदार सही करत आणि छाती किंचित पुढे काढून घरी येत. मीही काही शहाणी नव्हते. नागपूरची नणंद आली की मी मुद्दाम ऐकवायची, "आमच्या ह्यांना तिथे मजदूर कुणी म्हणत नाही हो, वन्सं." आता त्या सगळ्या चिठ्ठ्या सेठजींच्या वकिलाने फायलीत लावल्यात. खरंच कुणी म्हणत नव्हतं.

वर्षातला एक दिवस मात्र हे तिथे खरोखरीचे पंडित असत. सतरा सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. धोतर-उपरणं नेसून प्रेससमोर बसायचे, कुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवसाचे फोटो सेठजींनी जपून ठेवले होते, अकरा वर्षांचे अकरा. बाकीच्या दिवसांचा एकही नाही. तेलकट पँटीतल्या माणसाचा फोटो कोण काढतं?

आणि बोटं गेली ती नेमकी त्याच दिवशी, गेल्याच्या गेल्या वर्षीच्या पूजेला. दुपारी कारखान्यातून बुंदीच्या लाडवांचा डबा घरी आला. मी आणि आभाने, माझ्या लेकीने, दोन-दोन लाडू खाल्ले. त्यानंतर अर्ध्या तासाने फोन आला. डबा आधी आणि बातमी मागून. अजून कुठे बुंदी दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण ते वेगळं पाणी.

सेठजींचं लेखी उत्तर मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. उक्त पंडितजी वर्षातून एकदा पूजेसाठी येत असत. घटनेच्या दिवशी भक्तिभावाने चालू मशीनला टिळा लावताना त्यांच्याच असावधानीने त्यांना इजा झाली. प्रतिष्ठानला खेद आहे. शेवटी 'खेद' होता. तेवढा एक शब्द फुकट होता ना.

म्हणजे सगळा दावा एका गोष्टीवर येऊन अडकला. हे पंडित ठरले तर काहीच मिळणार नाही. कामगार ठरले तर कायद्याने भरपाई. आणि साक्षीदार एकही नाही, कारण पूजा आटोपून सगळे प्रसाद घेऊन घरी गेले होते.

आमचे वकील रघुनाथ दुबे. चांगला माणूस, पण खोटं बोलायला सांगताना त्यांचा आवाज फार प्रेमळ होतो. खोलीत जायच्या आधी त्यांनी ह्यांना भिंतीशी घेतलं.

"देखो पंडितजी, पूजा वाली बात जड़ से काट दो. फोटो दिखाएँ तो कहना, ये मैं नहीं हूँ, मेरा भाई है."

"भाऊ वारला माझा," हे मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "भाई तो गुजर गया, वकील साहब."

"तब तो और बढ़िया. गवाही देने नहीं आएगा."

सकाळी आभाही तेच म्हणाली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "बाबा, बोल दो ना कि पूजा-वूजा नहीं आती. एक दिन का झूठ है. भगवान को भी पता है आपकी सैलरी कितनी थी."

हे तोंडातल्या तोंडात पोहे चावत बसले. मला वाटलं, अहंकार. बोटं गेली तरी पंडितपण सोडवत नाही. मी ताटली जरा आपटलीच. "एक 'नाही' म्हणायचंय. तेवढंही जमणार नाही का तुम्हाला?"

"बघू," म्हणाले.

वास्तविक ते पंडितपणही सेठजींनी काढून घेतलं होतं. मागल्या विश्वकर्माला ह्यांनी विचारलं, येऊ का पूजेला? तर निरोप आला, खंडित हाथ से संकल्प नहीं होता. दुसऱ्या पंडिताला बोलावलंय. बोटं खाल्ली ती मशीन मात्र खंडित नाही. तिला नवीन हार.

आणि ते मेडिकल बोर्ड. डॉक्टरने ह्यांचा हात टेबलावर असा पसरला, जसा भाजीवाली आल्याचा तुकडा उलटसुलट करते. "तीन उँगली. तीस परसेंट," म्हणाला आणि लिहिलं. परतताना रिक्षात हे म्हणाले, "सत्तर."

"काय सत्तर?"

"गायत्री बोटांच्या पेरांवर मोजतात. दहा जागा असतात. करंगळीवर तीन. बाकी सात ह्या तिघांवर होत्या."

मी म्हटलं, माळ घ्या. म्हणाले, माळेची सवय नाही. डावा हात चालत नाही. तेव्हापासून संध्येला बसतात, पण जपापाशी येऊन थांबतात आणि उठतात. मला ते उठणं बघवत नाही. मी गॅसपाशी काही तरी करत राहते.

तर आत दावा ऐकणाऱ्या साहेबांची खोली. कोपऱ्यात कूलर चालू. एप्रिलची झाशी, कूलरशिवाय कायदा चालत नाही. कूलर सेठजींच्याच कारखान्याचा, पुढच्या जाळीवर नाव होतं. हे त्या जाळीकडे बघत उभे होते. एकोणीस वर्षांतली कुठली दुपार ती, कोण जाणे.

सेठजींचे वकील तरुण, गुळगुळीत. "पंडितजी, आप पंडित हैं?"

"हाँ."

दुबेजींनी माझ्याकडे पाहिलं.

"यह फोटो आपका है?"

ह्यांनी फोटो हातात घेतला. अंगठा आणि करंगळीत धरला. बराच वेळ पाहिला. "मेरा ही है."

दुबेजींनी कपाळाला हात लावला.

"पूजा आपने कराई?"

"हाँ."

"दक्षिणा ली?"

"ली."

"साहब, अब बचा क्या?" गुळगुळीत वकील वळले. सेठजी मागे बसून वेलदोडा चघळत होते.

झालं. एकोणीस महिन्यांच्या तारखा, उन्हातल्या रांगा, झेरॉक्स, सगळं त्या चार होकारांमध्ये बुडालं. मला इतका राग आला की ह्यांच्या बाजूने उभं राहावंसंही वाटेना.

साहेबांनी नाक पुसलं. "आपको कुछ कहना है?"

हे काही तरी म्हणाले. कूलरच्या घरघरीत ऐकू आलं नाही.

"ज़ोर से."

पुन्हा म्हणाले. पुन्हा नाही. साहेब वैतागून शिपायाला म्हणाले, "बंद करो यार इसको."

कूलर थांबला. खोलीत एकदम सगळ्यांचे श्वास ऐकू यायला लागले.

"साहब, चालू मशीन की पूजा नहीं होती."

"मतलब?"

"विश्वकर्मा के दिन मशीन का आराम होता है. पहले मेन स्विच गिराते हैं. फिर पोंछते हैं. तब टीका. चालू मशीन को टीका कोई पंडित नहीं लगाता. मैं पंडित हूँ, इतना तो जानता हूँ." त्यांनी करंगळीने सेठजींची फाईल दाखवली. "इनके कागज में लिखा है, मशीन चालू थी. सही लिखा है. चालू थी तो पूजा निपट चुकी थी. पूजा निपट चुकी थी तो मैं पंडित नहीं था."

"तो क्या थे?"

"मजदूर."

एकोणीस वर्षांत मी तो शब्द ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

गुळगुळीत वकील उठलेच. "अच्छा! तो आराम के दिन मशीन चलाई किसने?"

"मैंने."

आणि तेव्हा मला कळलं, सकाळी पोहे का गिळत नव्हते. त्यांना पंडितपण सोडायचं नव्हतं असं नाही. त्यांना हे सांगायचं नव्हतं.

"ट्रक खड़ा था, दो सौ जालियाँ कम पड़ रही थीं. सब जा चुके थे. मैंने कहा, सेठजी, आज नहीं. सेठजी बोले, पूजा आपने की है, तो आज्ञा भी आप ही दे दो मशीन को." सेठजींचा वेलदोडा थांबला. "मैंने धोती उतारी, पैंट पहनी. स्विच उठाया. डाय के नीचे वाले पाटे पर नारियल का पानी पड़ा था, मेरा ही फोड़ा हुआ. हाथ फिसल गया. साहब, जो पूजा मैंने बाँधी, वो मैंने ही तोड़ी. वो पाप मेरा है, वो मैं देख लूँगा. पर काम तो सेठजी का था."

साहेब लेखनिकाला म्हणाले, "लिखो. जैसा बोला है, वैसा ही लिखो."

माझ्या डोक्यात मात्र धोतरच अडकलं होतं. त्या दिवशी इस्पितळातून मला दोन पिशव्या मिळाल्या. एकीत पँट होती, ती मी उघडून बघितलीच नाही. दुसरीत धोतर. चार घड्या घातलेलं, कोरडं, त्यावर रक्ताचा एक थेंब नाही. मी ते कपाटात ठेवलं, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि एकोणीस महिने रोज ते कपाट उघडलं. टिळा लावताना बोटं तुटली असती तर धोतर कोरडं कसं राहिलं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. दुबेजींच्या कानात मी ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"भाभीजी, अगली तारीख पर दोनों थैलियाँ. धोना मत कुछ भी."

पुढची तारीख मे महिन्याच्या बावीसची पडली. शिपायाने कूलर पुन्हा सुरू केला.

व्हरांड्यात सेठजी वाट बघत होते. हातात पांढरं पाकीट, त्यावर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. शुभकार्याला देतात तसं.

"पंडितजी, कचहरी में क्या धरा है. घर की बात है. ये रखिए, एक कागज पे दस्तखत कर दीजिए. दक्षिणा समझ के." आणि ते वाकले.

ह्यांनी पाय मागे घेतले. आधी एक, मग दुसरा. घाईने नाही, ओल्या फरशीवरून घेतात तसे. सेठजींचा हात खाली फरशीवर टेकला. तिथे सकाळपासून कुणाचा तरी पान थुंकलेला डाग होता.

"मजदूर के पाँव नहीं छूते, सेठजी."

एवढंच म्हणाले आणि चालू लागले. मी मागे वळून पाहिलं. सेठजी रुमाल शोधत होते.

सदर बाजारपर्यंत चालत आलो आणि दतिया गेटची रिक्षा धरली. आत आम्ही दोघं आणि समोर भोपळ्याची पिशवी घेतलेली एक बाई. ऊन असं की रेक्झिनवर बसवत नव्हतं. माझ्या मनात पंचवीस गोष्टी होत्या बोलायच्या. सकाळी ताटली आपटली ती. हे एकोणीस महिने हे पाप एकट्याने उरावर घेऊन बसलात, मला सांगितलं का नाहीत. उद्या समजा हरलोच तर.

ह्यांनी माझा उजवा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, चारचौघांत ह्यांनी कधी माझा हात धरलेला नाही. बाई भोपळ्याकडे बघायला लागली. हे बाहेर बघत होते. ओठ किंचित हलत होते. ह्यांचा अंगठा माझ्या अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकला, खाली सरकला, मग करंगळीवर गेला.

मोठा खड्डा आला, रिक्षा उसळली. मी हात हलू दिला नाही.