तक्त्यातले दहा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गेल्या एकतीस वर्षांतली कुठलीही तुकडी सांगेल. मी गणित शिकवतो. वर्गात माझा एक नियम होता: गणित सोडवताना एककं लिहायची नाहीत. किलो, लिटर, तास लिहीत बसलं की वेळ जातो. आकडे भराभर सोडवा आणि शेवटी उत्तराला एकक चिकटवा. या नियमावर माझ्या मुलांनी पैकीच्या पैकी गुण आणले आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

हिच्या औषधाचा तक्ताही मी तसाच केला. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, मेंदूत रक्त गोठल्यापासून फिट येत होत्या. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं, दर आठवड्याला वाढवत न्यायचं. मी पट्टीने रेघा मारून चार, सहा, आठ, दहा असे आकडे लिहिले आणि कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. ते आकडे मिलिग्रॅमचे होते. पण त्या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये एकच मिलिग्रॅम औषध होतं, त्यामुळे तक्त्यातला आकडा बघायचा आणि झाकणातल्या मापात तेवढ्या खुणेपर्यंत औषध ओतायचं. काम सोपं झालं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

हिचं करायला दिवसा एक सेविका येई. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि मी ओशाळलो. ती माझीच विद्यार्थिनी होती, आणि तिला 'भोपळा' हे नाव मीच पाडलं होतं. वार्षिक परीक्षेत मी एक गणित घातलं होतं: एक माणूस तीन तासांत एकशे पस्तीस किलोमीटर चालतो, तर आठ तासांत किती चालेल? उत्तर तीनशे साठ. तिने एकच ओळ लिहिली होती, 'माणूस एवढं चालत नाही.' मी लाल शाईने पानभर शून्य काढलं आणि तिची ओळ वर्गात वाचून दाखवली. मुलं बाकं बडवून हसली. गणित चार गुणांचं होतं. ती तीन गुणांनी नापास झाली आणि पुढे शाळेत दिसलीच नाही.

"ओळखलंत का, सर?" तिने दारात विचारलं. मी हो म्हणालो आणि हिच्या पथ्याचं बोलायला लागलो.

दहाच्या आठवड्यात बाटली संपली. दुकानदाराने नवी दिली आणि म्हणाला, "ही कडक आहे बरं का, पंधरा दिवस पुरेल." मी मान डोलावली. मला औषधाचा हिशेब हा शिकवणार, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी सेविकेची सुट्टी होती. मी सकाळी तक्ता बघून माप दहापर्यंत भरलं आणि हिला पाजलं. ही दिवसभर झोपली, जेवायलाही उठली नाही. चला, औषध लागू पडलं, म्हणून मी निवांत पेपर तपासत बसलो.

पुढच्या सकाळी सेविका आली तेव्हा हिचं डोकं माझ्या दंडावर होतं आणि भरलेलं माप ओठांशी.

"थांबा, सर. ही बाटली किती दिवसांची?"

"पंधरा. तू उशी नीट कर."

"मग कालच उघडलेली बाटली उद्या कशी संपेल? एवढीशीच तर राहिलीय."

"हिशेब मी केलाय! तक्त्यात दहा आहे, दिसत नाही का?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "दहा काय, सर?"

मी तक्त्याकडे पाहिलं. तिथे नुसतं दहा होतं. तिने बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. एका मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम. म्हणजे दोनच मिलिलिटर द्यायचं होतं. मी हिला हाक मारली, हलवलं. ही हूं की चूं करेना.

रुग्णवाहिका तिने बोलावली. इस्पितळात डॉक्टर म्हणाल्या, "पाचपट गेलं. आणखी एकदा गेलं असतं तर कदाचित श्वास थांबला असता." हिने तिसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि मला म्हणाली, "दाढी का नाही केलीत?" मी तिथे बाकड्यावर बसून रडलो. मला लाज वाटत होती आणि अजूनही वाटते.

ही घरी आली, त्यानंतर मी शाळेत गेलो. फळ्यावर तेच गणित लिहिलं, एकशे पस्तीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं. चाळीस वह्यांत तीनशे साठ आलं. मी वाट पाहिली, कुणीतरी काही म्हणेल. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, मी किलोमीटर लिहायला विसरले होते, आता लिहिलं. चालेल ना?" ती अगदी मी शिकवलं तशीच शिकली होती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा कपाटावरचा तक्ता गेला होता. सेविका टेबलाशी नवा लिहीत होती, प्रत्येक आकड्यापुढे मिलिग्रॅम आणि त्याच्यापुढे मिलिलिटर. अक्षर मात्र शाळेतलंच होतं, तिरकं.

"सर, लाल पेन द्या ना. मापावर खूण करते."

मी खिशातलं पेन दिलं. तिने दोनच्या जागी बारीक रेघ ओढली, फुंकर घालून वाळवली आणि माप उजेडात धरून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "सर, ते चालणाऱ्या माणसाचं... मी लिहिलेलं बरोबर होतं का? मला खरंच कधी कळलं नाही."

"बरोबर होतं," मी म्हणालो. "अख्ख्या वर्गात तुझं एकटीचंच बरोबर होतं."

तिने मान हलवली. पेनाला टोपण लावून ते माझ्या हातात दिलं.

"तेव्हा सांगायचं होतंत, सर," ती म्हणाली आणि माप घेऊन हिच्या खोलीत गेली.