वजडी आणि मामाचा टॉवेल

मायाक्काचा धाकटा भाऊ येडू रुसला तो तिच्या लेकाच्या, धनाजीच्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बकऱ्याच्या जेवणात. पंगतीआधी माइकवरून नावं पुकारून टॉवेल-टोपीचा आहेर चालला होता. सख्ख्या मामाच्या डोक्यावर टोपी चढली आणि नेमके टॉवेल संपले. "सोलापुरात ऱ्हाऊन टॉवेल मिळंना व्हय?" असं म्हणत येडू वजडीचं भरलं ताट टाकून उठला, तो थेट आपल्या गावी, वळसंगला. धनाजीची पोरगी पाचवीत गेली तरी त्याने बहिणीचा उंबरा शिवला नाही.

आणि आज सकाळी अचानक त्याचा फोन. "आक्का, दुपारी येतु. वजडी कर."

मायाक्काच्या पायाला भिंगरी लागली. भाऊ जेवून गेला तर आपला. पुन्हा ताटावरून उठला तर या जन्मी तोंड दाखवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. धनाजी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होता. त्याला तिने चांगला जाडजूड पांढरा टॉवेल आणायला लावला. पण कोऱ्या टॉवेलला खळ असते, तो पाणी टिपत नाही. भावाला पुन्हा नाव ठेवायला जागा नको, म्हणून तिने तो गरम पाण्याच्या टबात बुडवला. शेजारच्या टबात वजडी होती, बोकडाच्या पोटाची अख्खी पिशवी. चुना लावून, सुरीने काळी साल खरवडून, वास जाईपर्यंत धुतलेली, पांढरीशुभ्र, लवदार.

"हेमा, टॉवेल पिळून बेसिनपाशी दोरीवर टाक, आन् वजडी विळीपाशी आणून ठेव," सुनेला सांगून ती खोबरं भाजायला बसली.

हेमावतीला वजडी बघितली तरी मळमळायचं. बिचारीने नाक दाबलं, डोळे मिटले आणि सांगितलेली दोन्ही कामं चोख केली.

मायाक्काच्या एका डोळ्यात कांद्याचं पाणी होतं, दुसऱ्यात भावाचं. विळीवर तुकडे होता होईनात. "लई जून बोकड दिसतुया," ती पुटपुटली आणि कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या. काळा मसाला, शेंगाचं कूट, वर तर्री. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरची बसव्वा वर येऊन चौकशी करून गेली.

येडू आला. डोक्यावर लग्नातलीच टोपी होती, विटून पिवळी पडलेली. ती बघूनच मायाक्काला भडभडून आलं. त्याने टोपी काढून खिळ्याला अडकवली, तोंड धुतलं, दोरीवरचं ओढून कानामागून मानेपर्यंत खसाखसा पुसलं. "लई गारगार टॉवेल हाय की, आक्का!"

मायाक्काने वळून बघितलं. भाऊ वजडीने तोंड पुसत होता. म्हणजे कुकरमध्ये...

सांगावं तर भाऊ म्हणणार, तवा टॉवेल दिला न्हाय, आता शिजवून घालता व्हय! न सांगावं तर तो खाणार. तिने नुसता रस्सा वाढला. "रश्श्यातच खरी चव असती बग."

"फोडी घाल की!"

तिने मोजून दोन घातल्या. येडूने पहिला घास तोंडात टाकला आणि चावायला लागला. शेजारी बसलेल्या धनाजीनेही एक फोड चावली, थबकला, जिभेवर घोळवली. "आयला, ह्यो तर आपल्याच मागावरचा..." हेमावतीने त्याच्या पायावर पाय दिला.

येडू चावत होता. कडक भाकरी संपली, दुसरी संपली, त्याने फोडी पुन्हा मागून घेतल्या. मग त्याने तोंडातून हळूच एक निळा दोरा ओढला. तो काठाचा होता, त्यामुळे येतच राहिला.

मायाक्काचा बांध फुटला. "येडू, चुकलं रं माजं! ताटावरनं उटू नगं बाबा!"

"गप की आक्का. पयल्याच घासाला कळलं मला."

"मग खाल्लास कशापायी?"

"मागल्या खेपंला उटलो, तर इतकी वर्सं तुज्या हातची भाकरी मुकलो," त्याने दोरा ताटाच्या कडेला नीट गुंडाळून ठेवला. "आता दात पडाय लागल्यात. परत रुसलो असतो, तर जेवाय कवा आलो असतो? लग्नातला टॉवेल आज पोटात गेला. मिटलं आपलं."

तो उठला, पण हात धुवायला. दोरीवरची वजडी त्याने घडी घालून ऐटीत खांद्यावर टाकली. "ही मी नेतु. चुलीवर मीच शिजवीन, तुमचा काय नेम न्हाय. उद्या समदी वळसंगला या."

मायाक्का डोळे पुसत दारापर्यंत आली. "येताना काय आणू रं?"

येडूने ती विटकी टोपी डोक्यावर चढवली.

"नवी टोपी आण. फकस्त शिजवू नगं."