चर्चचे कवेलू

१९४७ साली पाद्रीसाहेब विलायतेस परतले आणि चिचगडच्या मातीच्या चर्चला एकटा ईश्वरदास उरला. इतर ख्रिस्ती कुटुंबे नागपूरच्या गिरण्यांत केव्हाच निघून गेली होती. पावसाळ्यापूर्वी छपरावरचे कवेलू फेरले नाहीत, म्हणजे फुटकी कौले बदलून सगळी पुन्हा नीट रचली नाहीत, तर भिंती भिजून ढासळणार; म्हणून तो म्हातारा स्वतःच शिडी चढला.

"येनारा कोनी नाही, मंग कायले फेरून राहिला, बुढ्या?" त्याच्याच वयाच्या, शेजारच्या दुलीचंदने खालून विचारले.

"मोठ्या दुष्काळात माय मेली, तवा याच छपराखाली मले जागा भेटली."

दुलीचंद शिडी धरून उभा राहिला.

त्या पावसाळ्यात आत थेंबही गळला नाही. दर रविवारी कोरड्या, रिकाम्या बाकांसमोर ईश्वरदास प्रार्थना म्हणे आणि मंडळीचे 'आमेन'ही स्वतःच म्हणे.