खांद्यावरची टाचणी

बाप्तिस्म्याच्या दिवशी भाचीला हातात घेऊन मीच उभी होते. ती सात आठवड्यांची, रडून लालबुंद झालेली. "विश्वास ठेवतेस का?" असं फादरांनी विचारलं, तेव्हा तिच्या वतीने "हो" मी म्हटलं. धर्ममाता मीच ना!

चौदा वर्षांनी तिचं दृढीकरण ठरलं. दृढीकरण म्हणजे तेच "हो" आता पोरीने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. बिशप तिच्या कपाळाला पवित्र तेल लावणार, आणि तेव्हा धर्ममातेने मागे उभं राहून तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा. फादर म्हणाले, "शक्यतो बाप्तिस्म्याचीच धर्ममाता घ्या, पण निवड मुलांची."

पोरीने आत्याला निवडलं.

आत्या म्हणजे माझ्या बहिणीची नणंद. बेकरी चालवते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला उशिरा येते आणि शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढते. दुखण्याखुपण्यात पोरीच्या उशाशी बसले मी, प्रार्थना पाठ करून घेतल्या मी, आणि मान हिला. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

झगा मात्र मावशीनेच शिवायचा होता. शिवणकाम माझा धंदाच. उंची घेता घेता मी तोंडातल्या टाचण्या काढून विचारलं, "मी का नको गं?"

"तुझ्यासमोर चुकायची भीती वाटते, मावशी," ती खाली बघत म्हणाली. "आत्यासमोर नाही वाटत."

मिरची झोंबावी तसं झोंबलं ते. पांढरा झगा शिवून झाला, इस्त्री झाली, आणि उजव्या खांद्याच्या पट्टीत मी एक टाचणी राहू दिली, टोक वर करून. विसरून नव्हे. म्हटलं, कळू दे आत्याला, हा खांदा कुणाचा आहे ते.

त्या दिवशी चर्चमध्ये पोर रांगेत पुढे सरकायला लागली, तशी मी बाकाच्या कडेला सरकले. उठावं आणि टाचणी काढून घ्यावी, असं वाटलंही. तेवढ्यात आत्याचे नवेकोरे बूट दिसले. मिरवायला आली आहे नुसती! मी बसून राहिले.

आत्याने खांद्यावर हात ठेवला. तिचा चेहरा एकदम आक्रसला. तिने बोट जरा वाकवलं, पण तळवा तिथेच राहिला. बिशपांनी कपाळावर तेलाने क्रूस काढला, पोरीचं "आमेन" शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू आलं, आणि ती वळेपर्यंत आत्याने हात उचलला नाही. झग्यावर रक्ताचा एक ठिपका नव्हता.

नंतर अंगणातल्या नळाखाली आत्या बोट धुताना दिसली.

"टाचणी राहिली वाटतं चुकून," मी साळसूदपणे म्हटलं.

"तुझी टाचणी चुकून राहत नाही," ती म्हणाली. "वीस वर्षं तुझ्या हातचे कपडे घालतेय मी." तिने बोट रुमालात गुंडाळलं. "पोरीला सांगू नकोस हं. तिला वाटतंय, आत्याचा हात आनंदाने थरथरत होता."

मी माफी मागितली, पण ती दोन दिवसांनी. त्या वेळी नळापाशी मला फक्त तिचा हेवा वाटला, आजवर वाटला होता त्याहून कितीतरी जास्त. कारण पोरीने निवडताना चूक केली नव्हती.